बाहेरच्या बोलावण्याचे मोल

अमेरिकेतील विद्यापीठांत प्राध्यापकाची पगारवाढ आणि पदोन्नती नियमाप्रमाणे संशोधन, अध्यापन आणि संस्थेची सेवा यांवर ठरत असली, तरी प्रत्यक्षात तिला जी गती दुसऱ्या विद्यापीठाच्या लेखी नियुक्तिप्रस्तावाने मिळते, ती दुसऱ्या कशाने क्वचितच मिळते. याचे कारण तेथील वेतनाच्या रचनेत आहे. नव्याने नेमायच्या व्यक्तीला त्या वर्षीच्या बाजारभावाने पगार द्यावा लागतो आणि आधीपासून काम करणाऱ्याला मात्र दरवर्षी थोड्या टक्क्यांचीच वाढ मिळते; त्यामुळे अनेक वर्षे निष्ठेने शिकवणाऱ्या ज्येष्ठाचा पगार नवागताच्या जवळपास येऊन ठेपतो आणि काही विषयांत त्याहून कमीही पडतो. ही दरी भरून काढण्याचा अधिकार अधिष्ठात्याकडे असला, तरी तिच्यासाठी पैसा बाजूला काढण्यास सबळ निमित्त लागते, आणि माणूस सोडून जाईल ही भीती हेच सर्वांत सबळ निमित्त ठरते.

पदोन्नतीच्या बाबतीतही हेच घडते. सहायक प्राध्यापकाला साधारणपणे सहाव्या वर्षी ‘टेन्युअर’साठी, म्हणजे सबळ कारणाशिवाय काढून टाकता न येणाऱ्या कायम नेमणुकीसाठी, पारखले जाते आणि त्यासाठी बाहेरच्या तज्ज्ञांची मते मागवली जातात. तोलामोलाच्या एखाद्या विद्यापीठाने त्याच व्यक्तीला टेन्युअरसह किंवा पूर्ण प्राध्यापक म्हणून बोलावले, तर बाहेरच्या एका विभागाने तिची पारख आधीच करून निर्णय घेतला आहे असा त्याचा अर्थ होतो, आणि मग वेळेआधीच पदोन्नतीचा प्रस्ताव पुढे नेणे विभागप्रमुखाला सोपे जाते. वाटाघाटीत पगाराबरोबरच अध्यापनाचा भार कमी करणे, प्रयोगशाळेची जागा, संशोधन निधी आणि जोडीदाराची नोकरी हेही विषय येतात. मात्र तोंडी आश्वासनाला येथे किंमत नसते. आणि जाण्याची खरी तयारी नसताना पत्र पुढे करणाऱ्याला शुभेच्छा देऊन निरोप दिला जाण्याची शक्यता असतेच. अमेरिकन प्राध्यापकांच्या संघटनेने या व्यवहाराला काही मर्यादा सुचवल्या आहेत: पुढच्या शैक्षणिक वर्षासाठीचे प्रस्ताव 1 मेनंतर देऊ नयेत आणि राजीनामा 15 मेपर्यंत द्यावा, म्हणजे विद्यार्थ्यांचे वर्ग ऐनवेळी उघडे पडत नाहीत.

या प्रथेची मुळे जर्मन विद्यापीठांत खोल गेलेली आहेत, आणि तिचे सर्वांत उदात्त उदाहरणही तिथलेच आहे. 1902 साली लाझारुस फुक्स यांच्या निधनाने बर्लिनमधील गणिताचे पद रिकामे झाले आणि ते डेव्हिड हिल्बर्ट यांना देऊ करण्यात आले. 1895 पासून गॉटिंगेन येथे असलेल्या हिल्बर्ट यांनी राजधानीतल्या त्या मानाच्या पदाच्या बदल्यात स्वतःसाठी काही मोठे मागण्याऐवजी, त्या वेळी झुरिकला शिकवणारे आपले विद्यार्थिदशेपासूनचे मित्र हेर्मान मिंकोव्हस्की यांच्यासाठी गॉटिंगेनमध्ये नवे प्राध्यापकपद मागितले. प्रशियाच्या शिक्षण खात्यातील प्रभावी अधिकारी फ्रीडरिश आल्टहोफ यांनी ते निर्माण केले आणि त्याच वर्षी मिंकोव्हस्की तेथे आले. पुढे 1908 साली अवकाश आणि काळ यांना एकाच चतुर्मित रचनेत बसवणारी जी मांडणी त्यांनी जगापुढे ठेवली, ती गॉटिंगेनच्या याच वर्षांतली. बाहेरच्या बोलावण्याचा याहून चांगला उपयोग क्वचितच कोणी केला असेल.

आजच्या जर्मनीत तर ही वाटाघाट कायद्यातच लिहिलेली आहे. 2002 च्या वेतनसुधारणेनंतर प्राध्यापकाला मूळ वेतनावर जे भत्ते मिळू शकतात, त्यांत नियुक्तीच्या वेळी ठरणारे आणि बाहेरचे बोलावणे नाकारून राहिल्याबद्दल ठरणारे भत्ते स्पष्टपणे नमूद आहेत. विद्यापीठाने आपल्याच माणसाला थेट वरच्या पदावर बसवू नये, हा तेथील जुना संकेत असल्याने अनेकांसाठी वरचे पद बाहेरूनच येते.

महाराष्ट्रातील अनुदानित महाविद्यालयांत आणि शासकीय विद्यापीठांत या शस्त्राला धार नाही, कारण वेतनश्रेणी विद्यापीठ अनुदान आयोगाने ठरवलेली असते आणि ‘कॅस’, म्हणजे सेवेची ठरावीक वर्षे व निकष पूर्ण झाल्यावर मिळणारी पदोन्नती, हाच रुळलेला मार्ग असतो. तेथे बाहेरची संधी म्हणजे दुसरीकडे थेट भरतीतून वरच्या पदावर जाणे आणि जमल्यास जुन्या पदावर ‘लिएन’, अर्थात परत येण्याचा हक्क, राखणे.

अमेरिकन पद्धतीचा गंभीर दोष असा की ती गुणवत्तेपेक्षा हलण्याच्या क्षमतेला मोबदला देते. ज्याच्या घरी आजारी आईवडील आहेत, ज्याच्या जोडीदाराची नोकरी त्याच शहरात आहे, त्याला कितीही चांगले काम करून असे पत्र आणता येत नाही, आणि हा भार बहुधा स्त्रियांवर अधिक पडतो. शिवाय राहायचेच असताना अर्ज करणाऱ्यामुळे दुसऱ्या विभागाची निवड समिती महिनोन्‌महिने राबते आणि अखेर जागा रिकामीच राहते. यावरचा उपाय प्राध्यापकांना दोष देण्यात नसून विद्यापीठाने त्यांची पारख वेळेवर करण्यात आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठात प्रत्येक पदाच्या आत पायऱ्या असून ठरावीक वर्षांनी सहकारी प्रत्येकाच्या कामाचे मूल्यमापन करतात, म्हणून वर चढण्यासाठी बाहेरचे पत्र आणावेच लागत नाही. तरीही पायरीच्या वेतनावर जादा रक्कम देण्याची सोय तेथेही आहे, आणि ती मिळवण्याचा एक मार्ग अजूनही बाहेरच्या प्रस्तावातूनच जातो.