सेल्फ लागत नाही? आधी तार तपासा, पाना नंतर उचला



गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या ऊस विकास विभागाकडे दोन तक्रारी ठरलेल्या असतात. पहिली, 'टोळी आली नाही', आणि दुसरी, 'ट्रॅक्टर चालू होईना'. पहिलीचे उत्तर मुकादमाजवळ. दुसरीचे उत्तर मात्र पुष्कळदा आपल्याच बांधावर, हातभर तारेत सापडते. ट्रॅक्टर हा काही आमच्या खात्याचा विषय नव्हे. पण तोडलेला ऊस फडात जितका वाळेल तितके वजन घटते आणि उताराही पडतो. तेव्हा त्याची झळ सभासदाला आणि कारखान्याला, दोघांनाही बसते. म्हणून हा लेख.

मागच्या एका हंगामातील गोष्ट. एका सभासदाचा ऊस तोडून पडलेला, ट्रॉल्या भरून उभ्या, आणि ट्रॅक्टर जागचा हलेना. ट्रॅक्टर वडिलांच्या हातचा, जुना मॅसी फर्ग्युसन. चावी फिरवली तर टक नाही की घरघर नाही. दुरुस्तीवाल्याने न बघताच निदान सांगितले, "सेल्फ गेला, नवा टाका." पैशाची जुळणी होईपर्यंत थोरल्या मुलाने आपला इलाज काढला. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे जमिनीवर उभे राहायचे आणि सेल्फवरच्या दोन टोकांना पाना टेकवायचा. ठिणगी उडायची, इंजिन सुरू व्हायचे. दोन दिवस असेच चालले.

आम्ही पोचलो त्या सकाळी गिअर पडलेला होता, हे कोणाच्या ध्यानात नव्हते. पाना टेकला आणि ट्रॅक्टरने हिसका देऊन हातभर पुढे उडी घेतली. पोरगा चपळ, म्हणून बाजूला झाला. इंजिनने पेट घेतला असता तर मागचे चाक अंगावरून गेले असते. आई बांधावर उभी होती, ती मटकन खालीच बसली. आम्ही पोराला रागे भरलो खरे, पण खोटे कशाला बोला, डिप्लोमाला असताना आम्हीही असा पाना टेकवलेला आहे. तेव्हा काही झाले नाही, एवढेच.

हा अडसर मुद्दाम ठेवलेला आहे

गिअरमध्ये असलेला ट्रॅक्टर सेल्फने चालू होऊ नये, ही काळजी जुन्या कारागिरांनीच घेतलेली आहे. हॅरी फर्ग्युसन यांचा करड्या रंगाचा टीई-२० ट्रॅक्टर १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडात कॉव्हेंट्रीला बनत असे. त्यात गिअरचा दांडाच 'एस' या खुणेवर नेला की सेल्फ लागे. दांडा तिकडे गेला म्हणजे गिअर सुटलेला असणारच! पुढे मॅसी फर्ग्युसन ३५ आला. त्यात हाय-लोच्या दांड्याला मधली 'एस' जागा दिली. दांडा तिथे असेल तरच एक छोटा स्विच जुळतो आणि चावीचा करंट सेल्फकडे जातो. काही दुसऱ्या बनावटीच्या ट्रॅक्टरांत असा स्विच क्लचच्या पायट्याशी असतो. याला सेफ्टी स्विच म्हणतात. पाना टेकवला की करंट या स्विचला वळसा घालून जातो, आणि रक्षणकर्ताच बाजूला पडतो.

बिघाड कसा शोधावा

प्रथम गिअर न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. इंजिन बंद करण्याचा दांडा ओढलेलाच ठेवा, म्हणजे डिझेल जाणार नाही. चावी फिरवणारा माणूस सीटवरच बसलेला असावा. मग पुढील क्रमाने चला.

१) हेडलाइट लावून चावी फिरवा. दिवे एकदम मंद झाले तर बॅटरी उतरलेली, क्लॅम्प सैल किंवा सेल्फ अडकलेला. दिवे लख्ख राहिले आणि नुसते 'टक' झाले तर सेल्फच्या डोक्यावरील सोलेनॉइडचे आतले कॉन्टॅक्ट किंवा सेल्फचे कार्बन तपासावे लागतील. दिवे लख्ख आणि टकसुद्धा नाही, तर दोष बहुधा चावी, सेफ्टी स्विच, त्यांना जोडणारी बारीक तार किंवा सोलेनॉइडची कॉइल यांत असतो.

२) बॅटरीच्या टोकांवरील पांढरा-हिरवा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा. पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. क्लॅम्प घासून घट्ट बसवा आणि वरून व्हॅसलीन लावा. काढताना अर्थची तार आधी काढावी, जोडताना ती शेवटी जोडावी. अर्थची पट्टी चेसिसला जिथे बसते तिथला रंग-गंजही खरवडा. काही जुन्या विलायती ट्रॅक्टरांत बॅटरीची अधिक बाजू अर्थ असते, तेव्हा जोडणी आधी नीट पाहून ठेवा. बाराची बॅटरी पूर्ण चार्ज असेल तर मीटरवर साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ फिरताना ती ९.६ च्या खाली गेली तर बॅटरीच थकली आहे.

३) आता १२ व्होल्टचा बल्ब घ्या आणि त्याला दोन तारा जोडा. हाच आपला टेस्ट लॅम्प. सोलेनॉइडवरची बारीक तार काढा. लॅम्पचे एक टोक त्या तारेला आणि दुसरे मोकळ्या लोखंडाला लावा. तार काढलेली असल्याने सेल्फ फिरणार नाही, म्हणून ही परीक्षा निर्धोक. दांडा 'एस'वर ठेवून चावी फिरवायला सांगा. लॅम्प पेटला तर चावी, सेफ्टी स्विच आणि तार बहुधा ठीक. दोष पुढे सोलेनॉइडकडे.

४) लॅम्प पेटला नाही तर एकेक पाऊल मागे या. सेफ्टी स्विचच्या येणाऱ्या टोकावर करंट आहे आणि जाणाऱ्या टोकावर नाही, तर स्विच खराब किंवा त्याची बैठक सरकलेली. येणाऱ्या टोकावरही नसेल तर चावीच्या स्विचकडे जा. तिथे बॅटरीकडून करंट येतो पण चावी फिरवूनही पुढे जात नाही, तर चावीचे कॉन्टॅक्ट जळलेले. तपासताना तार हलवून, वाकवून पाहा. तुटलेली तार वेष्टनाच्या आत लपून बसते.

त्या दिवशी नेमके हेच निघाले. चावीचा स्विच ठीक, सेफ्टी स्विच ठीक. दोहोंमधली तार टोकाशी हिरवी पडून आतून तुटलेली, वरचे वेष्टन मात्र शाबूत. तेवढा तुकडा कापला, नवीन लग दाबून बसवला. वडील सीटवर बसले, दांडा 'एस'वर नेला, चावी फिरवली. सेल्फ जागेवर होता तसाच धडधडला. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असे चालले होते दोन दिवस!

एवढे पाळा

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मधे अर्धा मिनिट विसावा द्या. सेफ्टी स्विच खराब झाला तर नवा बसवा. त्याची दोन टोके एकत्र पिळून 'तात्पुरते' चालवू नका, कारण तात्पुरते म्हणता म्हणता वर्षे जातात आणि ट्रॅक्टर दुसऱ्याच्या हाती पडतो, ज्याला हे ठाऊक नसते. टेस्ट लॅम्प, पॉलिश पेपर, चार लग आणि व्हॅसलीनची डबी टूलबॉक्समध्ये असू द्या. वायरिंग तोडणी सुरू होण्याआधी, दसऱ्याला ट्रॅक्टरची पूजा करतो तेव्हाच एकदा पाहून घ्या. हार घालताना आपण बॉनेटजवळ असतोच.

आणि घरातील पोरांना स्पष्ट सांगा: ट्रॅक्टर चालू करायचा तो सीटवर बसून. जमिनीवर उभे राहून कधीही नाही. फडात ऊस वाळत असला, मुकादम ओरडत असला, तरीही नाही. ट्रॉली उशिरा भरली तर आमच्या गट ऑफिसला कळवा. वाहतुकीच्या पाळीत मागेपुढे करता येते, तेवढे आम्ही पाहू.

— ऊस विकास अधिकारी