गोठवणे, वितळवणे आणि फुप्फुसातील हवा

लातूरच्या देवणी आणि नांदेडच्या लाल कंधारी या गोवंशांच्या वळूंचे रेत उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवनत्रात, म्हणजे द्रवरूप नायट्रोजनमध्ये, वर्षानुवर्षे सजीव टिकते. आणि तशाच कडाक्याच्या थंडीने शल्यचिकित्सक कर्करोगाची गाठ मारतात. या विसंगतीचे मूळ असे की, पेशीचा घात मुख्यतः बर्फाचे स्फटिक करतात. रेतमात्रेत ग्लिसरॉल मिसळलेले असल्याने (त्याचा हा गुण इंग्लंडमध्ये १९४९ साली प्रसिद्ध झाला) स्फटिकांची इजा आटोक्यात राहते, तर शीतनाशनात, म्हणजे ऊती गोठवून नष्ट करण्याच्या पद्धतीत, पेशीतील पाणी बाहेर ओढले जाते, गोठण्याचा वेग जास्त असेल तर पेशीच्या आतच स्फटिक वाढतात आणि पुढे सूक्ष्म रक्तवाहिन्याही गुठळ्यांनी बंद पडतात.

फुप्फुसातील गाठीच्या शीतनाशनासाठी सुईसारखी शलाका छातीतून आत सरकवतात. तिच्या टोकाशी दाबाखालील आर्गॉन वायू बारीक छिद्रातून एकाएकी प्रसरण पावला की टोक उणे १४० अंशांच्या आसपास थंड होते.

फुप्फुसात मात्र अडचण हवेची आहे. गोधडीच्या थरांत अडकलेली हवा ऊब धरून ठेवते, तशीच वायुकोशांतील हवा थंडीला पसरू देत नाही, त्यामुळे पहिल्या वेळी शलाकेभोवती बर्फाचा गोळा लहानच बनतो. पण तो वितळू दिला की इजा झालेल्या केशवाहिन्यांतून रक्त व द्रव झिरपून वायुकोश भरतात, आणि या ओल्या ऊतीत पुढचा गोळा अधिक दूर पसरतो. म्हणूनच, मानवी छातीशी आकाराने जवळ असलेल्या डुकरांच्या फुप्फुसांवर, १० मिनिटे दोनदा गोठवण्याच्या पद्धतीची तुलना तीनदा गोठवण्याच्या पद्धतीशी केली गेली. दुसऱ्या पद्धतीत पहिले गोठवणे अवघे ३ मिनिटांचे, कारण त्याचे काम हवेची जागा द्रवाने भरून घेणे एवढेच.

सीटी स्कॅनवर दिसणाऱ्या गोळ्याची कड शून्य अंशाजवळची असते, तर खात्रीचा नाश उणे २० ते उणे ४० अंशांखाली होतो. म्हणून पेशी खरोखर कुठवर मेल्या हे सूक्ष्मदर्शकाखालीच ठरवावे लागते. शिवाय प्रयोगातील डुकराचे फुप्फुस बहुधा निरोगी आणि हवेने भरलेले असते, तर रुग्णाची गाठ भरीव असते व थंडी सहज वाहून नेते. त्यामुळे डुकरावर ठरलेली मिनिटे रुग्णासाठी जशीच्या तशी उचलता येत नाहीत.