नाताळची सुट्टी, वडील आणि सावत्र वडील : पाल्याच्या निष्ठेचा प्रश्न

प्रस्तावना

नागपुरात डिसेंबरच्या अखेरीस शाळांना नाताळची सुट्टी लागते. सदर बाजार परिसरातील कॅथेड्रलांमध्ये २४ तारखेच्या रात्रीच्या उपासनेची तयारी सुरू होते आणि मराठी ख्रिस्ती घरांतून करंज्या, शंकरपाळे व केक यांचा दरवळ येऊ लागतो. ज्या बालकाच्या आईने घटस्फोटानंतर पुनर्विवाह केला आहे, त्याच्यासमोर याच दिवसांत एक अवघड प्रश्न उभा राहतो : ती रात्र कोणाच्या घरी घालवायची? एका घरी जन्मदाते वडील वाट पाहत असतात, दुसऱ्या घरी आईचे पती. दोघांनीही भेटवस्तू आणलेली असते. या स्पर्धेची कायदेशीर व मानसशास्त्रीय बाजू स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कायद्यातील स्थान

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ मध्ये नैसर्गिक पालक कोण हे सांगितले असून, 'पिता' व 'माता' या शब्दांत सावत्र पिता व सावत्र माता यांचा समावेश होत नाही, असे त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात नमूद आहे. ख्रिस्ती कुटुंबांना हा अधिनियम लागू नाही. त्यांच्या बाबतीत घटस्फोट अधिनियम, १८६९ व पालक व पाल्य अधिनियम, १८९० यांचा आधार घ्यावा लागतो. १८९० च्या अधिनियमातील पालकाची व्याख्या मात्र लक्षणीय आहे. अज्ञान व्यक्तीची किंवा तिच्या मालमत्तेची देखभाल ज्याच्याकडे आहे, तो पालक, असे ती म्हणते. कलम १७ नुसार पालक नेमताना पाल्याचे वय, लिंग व धर्म, पालकाचे चारित्र्य व क्षमता, नात्याची जवळीक, तसेच उभयतांतील पूर्वीचे व विद्यमान संबंध यांचा विचार होतो. पाल्य समंजस पसंती व्यक्त करण्याइतके मोठे असेल, तर न्यायालय तिचाही विचार करू शकते.

म्हणजे रोज सकाळी डबा भरून देणाऱ्या सावत्र वडिलांकडे कायदा अगदीच डोळेझाक करीत नाही. परंतु स्वतंत्र हक्कही देत नाही. अपत्याच्या पोषणाची जबाबदारी कायद्याने जन्मदात्यावर टाकली आहे. सावत्र वडील करतात ते स्वेच्छेने. याचा परिणाम भेटवस्तूंच्या अर्थावरही होतो. जन्मदात्याची भेट ही वर्षभराच्या गैरहजेरीची भरपाई समजली जाते, तर सावत्र वडिलांची भेट ही घरात जागा मिळविण्याची धडपड. दोन्ही समजुती बहुधा अन्यायाच्याच असतात.

ख्रिस्ती समाजात आणखी एक पेच आहे. पहिला जोडीदार हयात असताना, तो विवाह धर्मन्यायासनाने शून्य ठरविल्याखेरीज कॅथलिक चर्चमध्ये पुनर्विवाह होत नाही. त्यामुळे कायद्याने आईचा पती असलेला पुरुष चर्चच्या दृष्टीने तसा नसतो, आणि नाताळच्या उपासनेत बालकाशेजारी बसताना त्याला हे अवघडलेपण जाणवू शकते. सावत्र पालकाला दत्तक घेण्याचा मार्ग दत्तक नियमावली, २०२२ मध्ये आहे. परंतु त्यास जन्मदात्यांची संमती लागते, आणि वडील हयात व इच्छुक असताना ती सहजासहजी मिळत नाही.

नावाचा प्रश्न

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ अँड्र्यू चेर्लिन यांनी १९७८ मध्ये पुनर्विवाहाला 'अपूर्ण संस्था' म्हटले. पहिल्या विवाहातील नात्यांना रूढी, नावे आणि नियम असतात. पुनर्विवाहातील नात्यांना ते नसतात, असा त्यांचा मुद्दा. मराठीत याची प्रचीती लगेच येते. सावत्र आई लोककथांतून घराघरांत पोचलेली आहे, सावत्र बाप तिथे क्वचितच भेटतो. उच्चवर्णीयांत विधवाविवाह निषिद्ध होता, हे त्याचे एक कारण असावे. मग आईच्या पतीला 'बाबा' म्हणायचे, 'पप्पा' की 'काका'? एका घरी सहज उच्चारलेला शब्द दुसऱ्या घरी जखम करतो. शिवाय मराठी रीतीप्रमाणे मधले नाव वडिलांचे असल्याने ही निवड शाळेच्या दाखल्यापर्यंत जाते. अकेला ललिता विरुद्ध कोंडा हनुमंत राव या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये, आईच्या पतीची नोंद कागदपत्रांत 'सावत्र पिता' अशी करण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश जवळजवळ क्रूर ठरविला. अर्थात त्या प्रकरणात जन्मदात्याचे निधन झाले होते. वडील हयात असलेल्या घरात प्रश्न इतका सरळ नसतो.

बालकाची कोंडी

कुटुंबोपचाराच्या अभ्यासात 'दुभंगलेली निष्ठा' ही संकल्पना इव्हान बोसोर्मेनी-नॉज यांच्या लेखनामुळे रूढ झाली. एकावर प्रेम करणे म्हणजे दुसऱ्याशी प्रतारणा, अशी परिस्थिती वडीलधाऱ्यांनीच निर्माण केली की बालक गप्प होते. सावत्र वडिलांनी दिलेल्या सायकलीबद्दल ते वडिलांकडे बोलत नाही. वडिलांकडील मजा घरी सांगत नाही. हे मौन म्हणजे समजूतदारपणा, असा मोठ्यांचा समज होतो. वस्तुतः दोन्ही पुरुषांना सांभाळण्याचे ओझे त्यानेच उचललेले असते.

रोझी जेकब प्रकरणात, जे ख्रिस्ती दांपत्याचेच होते, सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये मुले ही आईवडिलांची मालमत्ता वा खेळणी नव्हेत, असे बजावले. यशिता साहू प्रकरणात २०२० मध्ये मातापिता दोघांचेही प्रेम मिळणे हा बालकाचा हक्क मानला गेला आणि भेटीचे स्वरूप व तपशील आदेशात स्पष्ट असावेत, असे सांगितले गेले. भेट हा पालकाला मिळालेला विजय नव्हे, हे येथे अभिप्रेत आहे.

व्यवहारात मात्र तपशीलच राहून जातो. 'नाताळची अर्धी सुट्टी' एवढेच आदेशात असले, तर २४ ची रात्र कोणत्या अर्ध्यात, हे ठरत नाही आणि चर्चच्या दारात वाद होतो. रात्रीची उपासना एका वर्षी एकाकडे व पुढील वर्षी दुसऱ्याकडे, सोपविण्याची वेळ व जागा कोणती, बालकाला कोण पोचवील आणि दुसऱ्या घरी फोन केव्हा होईल, हे लिहून घेतलेले बरे. एका घरची भेटवस्तू दुसऱ्या घरी नेण्याची मुभाही त्यात असावी. ती नसल्याने सायकल एका अंगणात आणि मूल दुसऱ्या, असे घडते. उच्च न्यायालयाला, त्याच्या नागपूर खंडपीठासह, याच दिवसांत सुट्टी असते. त्यामुळे वाद तेथवर जाण्याची शक्यता असल्यास कौटुंबिक न्यायालयातील अर्ज दिवाळी आटोपताच दाखल होणे इष्ट.