'क्लिअर झालं' म्हणजे कोणी काय केलं?

'लोन क्लिअर झालं' हे वाक्य बोरीवलीत एकाच संध्याकाळी दोन माणसं म्हणू शकतात, आणि दोघांची परिस्थिती नेमकी उलटी असते. एकाला बँकेनं घरासाठी कर्ज मंजूर केलेलं असतं, म्हणजे त्याच्या डोक्यावर पुढच्या वीस वर्षांचे हप्ते नुकतेच चढलेले असतात. दुसऱ्यानं शेवटचा हप्ता भरून डोकं रिकामं केलेलं असतं. पेढे दोघंही वाटतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला पेढ्यावरूनही उलगडा होत नाही. याच उपनगरात त्याच दिवशी कोणाचा चेक क्लिअर होतो, कोणाची सीएची परीक्षा क्लिअर होते, महापालिकेच्या आर-मध्य विभागात कोणाची फाइल क्लिअर होते, स्टेशनाबाहेरच्या दुकानात सेल लावून जुना माल क्लिअर होतो, पुनर्विकासाला निघालेल्या सोसायटीचं टायटल क्लिअर असल्याचं सभेत सांगितलं जातं, आणि सभा संपताना कोणीतरी 'आता सगळं क्लिअर ना?' असं विचारतो. इंग्रजीतल्या या साध्या क्रियापदानं मुंबईच्या मराठीत इतकं बस्तान बसवलं आहे की ते परकं आहे म्हणून तक्रार करण्यात अर्थ नाही. तक्रार वेगळी आहे. पैशाच्या व्यवहारात काहीही क्लिअर होतं तेव्हा कोणीतरी एक पक्ष त्याची जबाबदारी घेत असतो, आणि आपल्या 'क्लिअर झालं' मधून नेमका तोच पक्ष गळून पडतो.

मूळ शब्द लॅटिन 'क्लारुस'. त्याचा अर्थ स्वच्छ, तेजस्वी, स्पष्ट. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला आणि तिथे त्याला क्रियापदाचे हातपाय फुटले. वाटेतला अडथळा दूर करणं हा त्या क्रियापदाचा गाभा. अडथळा कशाचा, यावरून अर्थ बदलत गेले. घसा खाकरणं, जेवणाचं टेबल आवरणं, उडी मारून आडवा बांबू पार करणं, माल कस्टममधून सोडवणं, आरोपीला निर्दोष ठरवणं, देणं फेडणं, खर्च वजा जाता निव्वळ नफा कमावणं, या सगळ्याला हे एकच क्रियापद चालतं. कधी कधी ते स्वतःच्याच विरुद्ध उभं राहतं. ठाणे आणि बोरीवली जोडणारा एमएमआरडीएचा जुळा बोगदा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून जातो, म्हणून त्याला वनविषयक 'क्लिअरन्स' लागलं. इथे तो शब्द कायद्यानं दिलेली परवानगी सांगतो. पण जंगल 'क्लिअर' करणं म्हणजे झाडं तोडून जमीन मोकळी करणं. दोन्ही शब्दांचं मूळ एक. वनखात्याच्या लेखी मात्र पहिल्याशिवाय केलेलं दुसरं हा गुन्हा.

या सगळ्या अर्थांत सगळ्यात शिस्तीचा अर्थ रेल्वेनं जपला आहे. 'लाइन क्लिअर' आपण सहज बोलण्यात वापरतो, पण रेल्वेत तो नियमपुस्तकातला शब्द आहे. जुन्या ब्लॉक पद्धतीत एका स्टेशनातून गाडी सोडायची तर पुढच्या स्टेशनमास्तरानं लाइन क्लिअर द्यावी लागते: मधला पट्टा रिकामा आहे आणि मी तुमची गाडी घ्यायला तयार आहे, अशी ती हमी. मोटरमनला पुढची पाच-सात किलोमीटर दिसत नाहीत. तो त्या हमीवर गाडी हाकतो. बोरीवली–चर्चगेट मार्गावर आता स्वयंचलित सिग्नल आहेत आणि पट्ट्यात गाडी आहे की नाही हे रुळातला विद्युतप्रवाहच सांगतो, पण तत्त्व तेच आहे. लाइन आपोआप क्लिअर 'होत' नाही. ती कोणीतरी, किंवा कोणीतरी बसवलेली यंत्रणा, 'देते'.

बँकिंगमधला क्लिअरिंग हा शब्दही असाच लोकांच्या देण्याघेण्यातून उगवला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या लोम्बार्ड स्ट्रीट परिसरातल्या बँकांचे कारकून एकमेकांवरचे चेक वसूल करायला दारोदार फिरत. ते दमले आणि एका ठिकाणी जमून परस्परांतच वजाबाकी करू लागले. त्यातली युक्ती तीन बँकांवरून कळते. अ बँकेला ब बँकेचे 10 लाख द्यायचे आहेत, ब ला क चे 8 लाख आणि क ला अ चे 9 लाख. सुटे व्यवहार केले तर 27 लाख रुपये इकडून तिकडे फिरतील. एकत्र बसून हिशेब केला तर अ आणि क यांनी एकेक लाख ठेवायचे आणि ब नं दोन लाख उचलायचे, की काम संपलं. ही वजाबाकी म्हणजे क्लिअरिंग. प्रत्यक्ष दोन लाख हलणं ही पुढची पायरी, सेटलमेंट. पहिलीत कोण कोणाचं किती लागतो हे ठरतं, दुसरीत ते दिलं जातं. बोलताना मात्र आपण दोन्ही पायऱ्या 'चेक क्लिअर झाला' या एकाच डब्यात कोंबतो आणि त्याचा अर्थ 'पैसे आले' असा धरतो.

मुंबईतल्या चेकचा प्रवासही पुढे बराच बदलला. 1986 पासून चेकच्या खालच्या पट्टीवरचे चुंबकीय शाईतले आकडे यंत्र वाचू लागलं. 2013 पासून कागद जागेवर राहून त्याचं चित्र पुढे जाऊ लागलं. 4 ऑक्टोबर 2025 पासून रिझर्व्ह बँकेनं दिवसभर चालणारं क्लिअरिंग सुरू केलं. दिवसा ठरलेल्या वेळात चेकची चित्रं पाठवायची आणि ज्या बँकेवर चेक काढला आहे तिनं संध्याकाळी सातपर्यंत हो किंवा नाही सांगायचं. ती गप्प राहिली तर? तर चेक मान्य केला असं समजायचं. म्हणजे आज बोरीवलीत एखादा चेक 'क्लिअर झाला' याचा अर्थ कोणी तो तपासून पसंत केला असाही असू शकतो, आणि सात वाजेपर्यंत कोणी तोंड उघडलं नाही असाही. खात्यात दिसणारी रक्कम दोन्ही वेळा सारखीच दिसते. गप्प बसण्याची जोखीम मात्र नियमानं त्या बँकेच्या गळ्यात बांधली आहे, आणि या व्यवस्थेतली खरी सुधारणा मला वेगापेक्षा तीच वाटते.

आपल्याकडे या पायऱ्यांना शब्द नव्हते असं नाही. सावकारांच्या पेढ्यांवर हुंडीचा व्यवहार चाले तेव्हा हुंडी आधी 'सकारली' जाई, म्हणजे ज्याच्या नावावर ती लिहिली त्यानं देणं कबूल केलं. मग ती 'वटे'. हातातली हुंडी मुदतीआधी पैसे घेऊन दुसऱ्याला देताना जी कपात सोसावी लागे ती वटणावळ. पैसे चुकते होऊन रद्द झालेल्या हुंडीला तर 'खोखा' असं स्वतंत्र नाव होतं. हुंडी सकारली म्हटलं की कोणी शब्द दिला आणि अजून पैसे यायचे आहेत, हे दोन्ही एका क्रियापदात कळे. चेक वटला हा वाक्प्रचार अजून जिवंत आहे आणि तो क्लिअरपेक्षा काटेकोर आहे, कारण पैसे हातात पडल्याशिवाय कोणी चेक वटला म्हणत नाही.

शेअर बाजारात हा 'शब्द देणारा' आणखी ठळक दिसतो. दलाल स्ट्रीटवर पूर्वी एक दलाल दुसऱ्यावर विसंबून असे. समोरचा बुडाला तर आपणही अडकलो. त्यावर उपाय म्हणून राष्ट्रीय शेअर बाजारानं 1995 मध्ये क्लिअरिंग कॉर्पोरेशन स्थापन केलं. सौदा झाला की हे महामंडळ मधे शिरतं, विकणाऱ्यासाठी स्वतः खरेदीदार होतं आणि घेणाऱ्यासाठी स्वतः विक्रेता. सौदा क्लिअर झाला याचा इथे अर्थ असा की आता समोर अनोळखी माणूस नाही, हमी निधी आणि मार्जिन बाळगणारी संस्था आहे. जानेवारी 2023 च्या अखेरीपासून शेअरचे पैसे दुसऱ्याच दिवशी मिळतात ते या मध्यस्थाच्या भरवशावर. आणि तो भरवसा नुसता कागदोपत्री असला तर काय होतं, हे मुंबईच्याच उपनगरानं पाहिलं. अंधेरीत मुख्यालय असलेल्या नॅशनल स्पॉट एक्स्चेंजवर धान्य, साखर, लोकर यांचे सौदे वर्षानुवर्षं नेमानं क्लिअर होत होते. 31 जुलै 2013 ला व्यवहार थांबवले गेले तेव्हा सुमारे 13 हजार गुंतवणूकदारांचे जवळपास 5,600 कोटी रुपये अडकले. गोदामांत सौद्यांच्या प्रमाणात माल नव्हता आणि हमी निधी देण्याच्या मानानं किरकोळ निघाला. तोपर्यंत रोज संध्याकाळी 'क्लिअर' हा शब्द बरोबर वापरला जात होता. फक्त त्यामागे उभं राहायला कोणी नव्हतं.

'क्लिअर' बद्दलच्या माझ्या तक्रारीवर पहिला आक्षेप भाषेच्या बाजूनं येतो. एका क्रियापदाला अनेक अर्थ असणं हा काही इंग्रजीचा खास रोग नाही. मराठीतलं 'मोडणे' घ्या. हाड मोडतं, लग्न मोडतं, शंभराची नोट मोडतात, मुलीच्या शिक्षणासाठी एफडी मोडतात, अडचणीला दागिने मोडतात, आणि चालणाऱ्याच्या पायात काटाही मोडतो. यात कोणाचा गोंधळ होत नाही. आक्षेप खरा आहे, पण त्यातच उत्तरही आहे. 'मोडणे' च्या पैशातल्या सगळ्या अर्थांत एक गोष्ट कायम राहते: साठवलेलं, अखंड असलेलं काहीतरी आपल्या हातानं फोडलं, आणि बहुधा थोडं नुकसान सोसून. एफडी मोडली म्हणणाऱ्या माणसाच्या आवाजात दंडाचं व्याज ऐकू येतं. 'लोन क्लिअर झालं' मध्ये असं काही ऐकू येत नाही. कर्ज डोक्यावर चढलं की उतरलं हेसुद्धा नाही. अर्थ पुष्कळ असले तरी चालतं. कर्ता आणि पायरी दोन्ही पुसली गेली की चालत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे. संदर्भावरून सगळं कळतं, आणि इंग्रज माणूससुद्धा चेक 'क्लिअर झाला' असंच, कर्त्याविना म्हणतो. म्हणतो, खरं. पण त्याच्या बँकेच्या, बाजाराच्या आणि न्यायालयाच्या कागदांत प्रत्येक क्लिअरची व्याख्या त्याच भाषेत छापलेली असते. गरज पडली की तो तिथे बोट ठेवू शकतो. आपण बोलीतला शब्द उचलला, व्याख्या मागेच राहिली. सरकारी कोशातला 'समाशोधन' हा शब्द त्या जागी बसवावा असं माझं अजिबात म्हणणं नाही. तो बँकेच्या फलकावर आहे आणि सुखानं तिथेच राहील. घरकर्जाच्या बाबतीत तर नवा शब्द घडवायचीही गरज नाही. कर्ज मंजूर होतं, मग उचललं जातं, हप्त्यांनी फिटतं, आणि शेवटी मिळकतीवरचा बोजा उतरतो. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात ज्यानं बोजा चढलेला पाहिला आहे त्याला पक्कं माहीत असतं की कर्ज फिटणं आणि बोजा उतरणं या दोन वेगळ्या घटना आहेत आणि त्यांच्यात महिने जाऊ शकतात. रिझर्व्ह बँकेलाही हे अंतर जाचक वाटलं. 1 डिसेंबर 2023 पासून कर्ज पूर्ण फिटल्यावर 30 दिवसांत मूळ कागदपत्रं परत करणं आणि नोंदवलेला बोजा काढणं बँकांवर बंधनकारक झालं. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. 'लोन क्लिअर झालं' म्हणून जो घरी निवांत बसला, त्याला या 30 दिवसांचा हिशेब मागायचं सुचणंच कठीण.

सगळ्यात महागडं क्लिअर मात्र जमिनीचं. बोरीवलीत साठ-सत्तरच्या दशकांत उभ्या राहिलेल्या सोसायट्या आता एकामागून एक पुनर्विकासाला निघाल्या आहेत, आणि सभासदांना पहिल्याच बैठकीत टायटल क्लिअर असल्याचा दिलासा दिला जातो. हे क्लिअर ठरतं कसं? वकील मागच्या सुमारे तीस वर्षांच्या नोंदी शोधतो, मिळकत पत्रिका आणि खरेदीखतं पाहतो, आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतो: कोणाचा हक्क, हितसंबंध, दावा असल्यास अमुक दिवसांत पुराव्यासह कळवावं, अन्यथा तसा हक्क नाही किंवा असल्यास सोडून दिला असं समजलं जाईल. मुदत संपते, कोणी येत नाही, आणि मिळकत निर्वेध, निजोखमी असल्याचा दाखला तयार होतो. चेकच्या सात वाजण्यासारखंच इथेही मौन हीच संमती. फरक इतका की चेकच्या बाबतीत गप्प बसणारी बँक नियमानं बांधलेली असते, तर ज्यानं नोटीस वाचलीच नाही अशा वारसाला वर्तमानपत्रातला तो चौकोन बांधतोच असं नाही. दाखल्याच्या तळाशी 'आम्हाला दाखवलेल्या कागदपत्रांच्या आधारे' असं वकील लिहून ठेवतो ते उगाच नाही.

दाखवलेल्या कागदांपलीकडे काय असू शकतं याचं उदाहरण राष्ट्रीय उद्यानाच्या पलीकडच्या अंगाला, मुलुंड आणि विक्रोळीत घडलं. 1950 च्या दशकात तिथल्या काही जमिनींच्या मालकांच्या नावे 1927 च्या वन कायद्याखाली नोटिसा निघाल्या होत्या. पुढे 1975 मध्ये राज्यानं खाजगी वनं संपादन करण्याचा कायदा केला. तरीही त्या जमिनींवर रीतसर परवानग्या घेऊन इमारती उठल्या, फ्लॅट विकले गेले, बँकांनी कर्जं दिली. म्हणजे प्रत्येक टेबलावर सगळं क्लिअर होत गेलं. सुमारे तीन दशकांनी महसूल दप्तरात त्या जमिनींपुढे 'खाजगी वन' अशी नोंद झाली. 2008 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सरकारच्या बाजूनं निकाल दिला आणि फ्लॅटधारकांच्या पायाखालची जमीन कायद्याच्या भाषेत जंगल ठरली. 30 जानेवारी 2014 ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला: अर्धशतकापूर्वी नोटीस नुसती काढली एवढ्यानं जमीन वन होत नाही. त्या मधल्या सहा वर्षांत रहिवाशांनी वकील, महापालिका, बँक यांपैकी कोणाला जाब विचारायचा? प्रत्येकानं आपापल्या पुरतंच क्लिअर केलं होतं.

2016 च्या रेरा कायद्यानं यातली एक गाठ तरी सोडवली आहे. कलम 18 नुसार जमिनीच्या टायटलमध्ये दोष निघाल्यानं घर घेणाऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई प्रवर्तकानं द्यायची, आणि या दाव्याला मुदतीच्या कायद्याची आडकाठी नाही. त्यामुळे बोरीवलीच्या सभेत विकासक टायटल क्लिअर असल्याचं सांगतो तेव्हा सभासदांनी त्याच्याकडून लेखी घ्यायच्या गोष्टी तीन: ते कोणी तपासलं, कोणत्या कागदांवरून तपासलं, आणि आपली जमीन अजून मूळ मालकाच्या नावावर असेल तर तिचं अभिहस्तांतरण कोण करून देणार.