गाडी का-कू करते तेव्हा

आयुर्वेदाने रोगपरीक्षेची तीन साधने सांगितली आहेत : दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. पाहावे, हात लावावा आणि विचारावे. मोटारदुरुस्तीशी याचा काही संबंध असेल, असे मराठीच्या प्राध्यापकाला सहसा सुचायचे नाही. परंतु २०२३च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये भाच्याकडे राहिलो असताना एका वृद्ध मिस्त्रीने एका वृद्ध मोटारीची परीक्षा केली. ती मी शेजारी उभा राहून पाहिली आणि ही तिन्ही साधने मला तेथे भेटली.

मोटार होती एम.जी.बी. ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली ही स्पोर्ट्‌स कार. भाच्याची गाडी १९६९ सालची. मधे किती हात बदलले होते, देव जाणे! इंजिन १७९८ घनसेंटिमीटरचे आणि आवाज मोठा ऐटदार. पण ॲक्सिलरेटर एकदम दाबला, की गाडी क्षणभर का-कू करी आणि मग उसळी घेई. ऐकायला ही गोष्ट किरकोळ वाटेल. पण तिकडे जागोजाग वाटोळी चक्करे असतात. उजवीकडून येणाऱ्यांना आधी जाऊ द्यायचे आणि फट सापडताच आत शिरायचे. त्या फटीत गाडी अडखळली आणि उजवीकडून लॉरी येत असली, म्हणजे तो क्षण फार लांबतो. भाचेसुनेने त्या गाडीत बसणेच सोडले होते. "मामा, दोन्ही कार्ब्युरेटर नवेच बसवून टाकतो," असे म्हणत भाच्याने त्यांची जबर किंमतही विचारून ठेवली होती.

मिस्त्रीने बॉनेटला हात लावण्यापूर्वी विचारले, "अडखळते ती नेमकी केव्हा?" लांब चढावर दम तुटत असेल, तर पेट्रोल पुरत नाही; पंप आणि गाळणी पाहायची. पावसाळी हवेत मधूनच धक्के बसत असतील, तर संशय ठिणगीवर. मात्र पाय दाबल्याच्या क्षणीच अडखळत असेल, तर हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण किंवा ठिणगीची वेळ त्या क्षणी चुकते आहे.

मग दर्शन. प्लग काढून पाहिले, डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंटची फट मोजली. ती इंचाचे पंधरा सहस्रांश, म्हणजे योग्य भरली.

त्यानंतर कार्ब्युरेटर. या गाडीवर एस.यू. जातीचे दोन असतात. त्यांच्यात एक दट्ट्या असतो आणि त्याला निमुळती सुई जोडलेली असते. हवेचा ओघ वाढला की दट्ट्या वर उचलला जातो, सुई वर सरकते आणि पेट्रोलाची वाट मोठी होते. पण दट्ट्या झटक्याने वर गेला, तर हवा पुढे धावते आणि पेट्रोल मागे राहते. म्हणून त्याच्या पोकळ दांड्यात थोडे तेल घातलेले असते. ते त्याला सावकाश चढायला लावते. मिस्त्रीने वरची टोपी फिरवून काढली, पुन्हा आत ढकलली. जो अटकाव बोटांना जाणवायला हवा, तो नव्हता. एक कार्ब्युरेटर कोरडा ठणठणीत, दुसऱ्यात तळाशी थेंबभर! चमचाभर पातळ तेल घातले आणि गाडी फिरवून आणली. अडखळणे बरेच गेले, पण सगळे नाही.

आता त्याने डिस्ट्रिब्यूटरला जोडलेली बारीक नळी काढून तोंडाने ओढून पाहिली. आतली तबकडी जराही हलली नाही. व्हॅक्यूमच्या डबीतील पडदा फाटला होता. इंजिनवर भार कमी असता ठिणगी थोडी अगोदर पाडण्याचे काम या डबीचे. ती बदलली आणि गाडीची का-कू थांबली. नव्या कार्ब्युरेटरांचा खर्च अर्थातच टळला.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि गाडी फिरवून पाहायची, हा त्या मिस्त्रीचा नेम. दोन्ही दुरुस्त्या एकदम केल्या असत्या, तर कोणत्या दोषाचा वाटा किती, हे कोणालाच कळले नसते. स्वस्तातले आधी आणि महागातले शेवटी, हा त्याचा दुसरा नेम.

आजच्या गाड्यांत कार्ब्युरेटर नाही. हवा मोजायला सेन्सर आहेत आणि बिघाडाचा क्रमांक यंत्रावर उमटतो. पण तो क्रमांक कोणत्या भागात तक्रार आहे एवढेच सांगतो; सेन्सर बिघडला, तार तुटली की हवेची नळी फाटली, हे माणसालाच शोधावे लागते.

तेव्हा घरात जुनी गाडी घेणाऱ्या वाचकांनी मिस्त्रीकडे जाण्यापूर्वी एका कागदावर लिहून काढावे : इंजिन गार होते की तापलेले, कोणता गिअर होता, पाय दाबताना की दाबून ठेवल्यावर, आणि आधी काय दुरुस्त केले होते. "गाडी बरोबर चालत नाही" या वाक्याचा मिस्त्रीला काहीच उपयोग नसतो. "इंजिन तापल्यावर, तिसऱ्या गिअरात, पाय दाबताक्षणी अडखळते" एवढे सांगितले, म्हणजे निम्मे निदान गाडीच्या मालकानेच केलेले असते.