ध्वनीची आयात (लेखांक सहावा)

तानपुऱ्याचा झंकार मुद्रित केलेली फाईल ऑडॅसिटी किंवा रीपर यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये इम्पोर्ट केली, पडद्यावर लहरींची आकृती उमटली, की काम फत्ते झाले असे आपण मानतो; वस्तुतः त्या फाईलीत असतात ते ध्वनीच्या नमुन्यांचे निव्वळ आकडे, आणि एका सेकंदाला त्यांतील किती वाचावयाचे याची जी नोंद फाईलीच्या शिरोभागी केलेली असते तिच्यावाचून ते आकडे सहीशिक्क्याविना दाखल झालेल्या दस्तऐवजासारखे निरुपयोगी होत.

संगीताच्या सीडीसाठी हा दर सेकंदाला 44,100 नमुने असा मुक्रर झाला, तर चित्रपट आणि दूरचित्रवाणी यांच्या व्यवहारात 48,000 रूढ आहे. पहिली संख्या विचित्र वाटते खरी. परंतु आरंभी अंकीय ध्वनी चित्रफितीच्या यंत्रावर साठवीत असत, आणि अमेरिकी पद्धतीच्या सेकंदाला 60 क्षेत्रांत (म्हणजे अर्ध्या चित्रांत) प्रत्येकी 245 रेषा घ्या किंवा युरोपीय पद्धतीच्या 50 क्षेत्रांत 294, दर रेषेला तीन नमुने धरले म्हणजे दोन्ही हिशेब 44,100 वरच येऊन मिळतात.

बहुतेक सॉफ्टवेअर शिरोभाग वाचून दरांचा मेळ स्वतःच घालते. पण एकदा शिरोभाग हरवलेली एक कच्ची फाईल माझ्याकडे आली असता मी, कसलीही चौकशी न करता, तिचा दर 48,000 असल्याचे बेधडक नोंदवून मोकळा झालो. ती होती 44,100 ची. दहा मिनिटांचा विलंबित ख्याल नऊ मिनिटे अकरा सेकंदांत आटोपला हे एक वेळ चालले असते. परंतु काळी एकमध्ये गायिलेला षड्ज पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या जवळजवळ मध्यावर जाऊन बसला, जेथे पेटीवाल्याला दाबावयास पट्टीच नाही!

दुसरा प्रश्न मालकीचा. ऑडॅसिटी 2021 च्या 3.0 आवृत्तीपासून आयात केलेल्या ध्वनीची नक्कल आपल्या प्रकल्पाच्या एकाच फाईलीत ठेवते. रीपरच्या प्रकल्पात मात्र मूळ फाईल कोठे आहे याचा केवळ हवाला असतो. म्हणून पेनड्राइव्हवरून थेट आयात करून तो काढून घेणारा मनुष्य दुसऱ्या दिवशी मुका प्रकल्प उघडतो. फाईली प्रकल्पाच्या फोल्डरात उतरवून घेण्याची सोय रीपरमध्येही आहे. ती आरंभीच चालू करावी असे माझे स्पष्ट मत आहे.

एमपीथ्रीविषयी थोडकेच सांगतो. ती घडविताना आरंभी सेकंदाच्या काही शतांशांएवढी शांतता जोडली जाते. ख्याल ऐकताना ती जाणवत नाही, पण त्रितालाचे एकच आवर्तन पुनःपुन्हा फिरवावयाचे असेल तर दर फेरीस सम तेवढी उशिरा पडते. अशा कामासाठी मूळची वेव्ह फाईल मागून घ्यावी, आणि ती न मिळाल्यास लहर पडद्यावर मोठी करून पहिल्या 'धा'च्या आघातापर्यंतचा भाग कापून टाकावा.