तीन व्हायकिंग आणि एक दार: सहकार्याची कोडी नेमकी किती अवघड?

संशोधनाच्या प्रस्तावांत हल्ली एक शब्द फार दिसतो: सहकार्य. अनेक रोबोट मिळून सामान हलवतील, अनेक एजंट मिळून प्रश्न सोडवतील वगैरे. पीएचडीच्या मुलाखतीला बसलात आणि हा शब्द तुमच्या सिनॉप्सिसमध्ये असेल, तर समोरून विचारलं जाऊ शकतं, "एकाने करण्यापेक्षा तिघांनी करण्यात नेमकं अवघड काय आहे?" यावर "समन्वय साधावा लागतो" असं म्हटलं तर उत्तर दिलं असं होत नाही, प्रश्नच वेगळ्या शब्दांत परत केला असं होतं. उत्तर मोजता आलं पाहिजे. आणि मोजायची सवय लागायला वेगवेगळ्या क्षमतांची पात्रं असलेल्या कोड्यांच्या गेमइतकं चांगलं साधन मला दुसरं दिसत नाही.

एक जुना गेम घेऊ. १९९३ साली सुपर निन्टेंडोवर 'द लॉस्ट व्हायकिंग्ज' आला. तो बनवणारी सिलिकॉन अँड सिनॅप्स ही कंपनी पुढे ब्लिझार्ड या नावाने प्रसिद्ध झाली. मूळ कल्पना 'लेमिंग्ज'सारखी, म्हणजे पडद्यावर व्हायकिंगांची झुंड अशी होती. संख्या घटत घटत तिघांवर आली. एरिक वेगाने धावतो, उडी मारतो आणि डोक्याने भिंत फोडतो. बॅलिऑगकडे तलवार आणि धनुष्यबाण. लांबचं बटण तो बाणाने दाबू शकतो. ओलाफकडे ढाल. ती समोर धरली की मारा अडतो, डोक्यावर धरली की तो उंचावरून तरंगत खाली येतो, आणि त्याच ढालीवर उभं राहून एरिकला आणखी वर उडी घेता येते. उडी फक्त एरिकला येते, हे लक्षात ठेवा. एका वेळी खेळाडू एकालाच हलवतो, बाकीचे दोघं जिथे ठेवले तिथे उभे. लेव्हल संपायला तिघंही जिवंत दारापर्यंत पोचले पाहिजेत. एक जरी मेला तरी पुन्हा पहिल्यापासून.

आता मोजू. समजा एका लेव्हलमध्ये उभं राहण्याच्या २०० जागा आहेत. एकच पात्र असेल तर खेळाची स्थिती सांगायला "तो कुठे आहे" एवढं पुरतं. म्हणजे २०० स्थिती. तीन पात्रं आली की पहिल्यांदा मनात येतं २०० अधिक २०० अधिक २००, म्हणजे ६००. पण खेळाची स्थिती म्हणजे तिघं एकाच वेळी कुठे आहेत त्याची नोंद. म्हणून बेरीज नाही, गुणाकार: २०० × २०० × २०० = ८०,००,०००. त्यात १० बटणं टाका, प्रत्येक चालू किंवा बंद. १०२४ ने गुणा. ८१९ कोटींच्या वर गेलो. यालाच स्टेट स्पेस म्हणतात. यातल्या कित्येक स्थिती प्रत्यक्षात कधीच येणार नाहीत हे खरं, पण कुठल्या येणार नाहीत हे आधी कोण सांगणार?

इथे 'ट्राइन'शी तुलना करून बघण्यासारखी आहे. फ्रोझनबाइट या फिनिश कंपनीचा हा २००९ चा गेम. यातही तिघं: योद्धा, चोर आणि जादूगार. वरवर बघितलं तर जात तीच. पण एकट्याने खेळताना पडद्यावर एका वेळी एकच पात्र असतं. बटण दाबलं की त्याच जागी योद्ध्याचा जादूगार होतो. म्हणजे जागा एकच आणि रूपं तीन: २०० × ३ = ६००. मघाशी चुकीचा वाटलेला आकडा इथे बरोबर ठरतो! (जादूगार हवेत पेट्या आणि फळ्या तयार करतो, त्यांच्या जागा धरल्या की हिशोब पुन्हा फुगतो, ते वेगळं.) तोच गेम तिघांनी एकत्र खेळा, तिघं एकाच वेळी पडद्यावर येतात आणि आपण परत ८० लाखांवर. 'तीन पात्रांचा सहकारी गेम' हे वर्णन दोन्हींना लागू पडतं, गणित मात्र पार वेगळं. पेपर वाचताना शीर्षकात 'मल्टि-एजंट' दिसलं की मी आधी स्थिती कशी मांडली आहे ते बघतो. बऱ्याचदा तिथेच अर्धा पेपर कळतो.

क्षमता वेगळ्या असल्याने काय बदलतं? हा भाग मला सर्वात आवडतो. तिघं अगदी सारखे असते, तर कोण कुठे आहे याने फरक पडला नसता. फक्त कुठल्या जागा भरल्या आहेत एवढंच मोजायचं. तेव्हा ८० लाखांऐवजी १३,५३,४०० स्थिती उरतात. (एका जागी एकापेक्षा जास्त जण उभे राहू शकतात असं धरून, पुनरावृत्तीसह निवडीचं सूत्र लावून तपासा.) क्षमता वेगळ्या केल्या की ही सममिती मोडते आणि आकडा वर जातो. पण दुसऱ्या बाजूने तो खालीही येतो, कारण ओलाफला उडी येत नाही. समजा एरिक सगळ्या २०० जागी पोचतो, बॅलिऑग ९० आणि ओलाफ ६०. गुणाकार १०,८०,०००. सारख्या पात्रांपेक्षाही कमी!

मग अवघडपणा कुठे गेला? तो या ९० आणि ६० च्या कुंपणांमध्ये आहे. बॅलिऑगच्या ९० जागांच्या १४० होतात कधी, तर एरिकने वर जाऊन पूल खाली सोडल्यावर. एरिकला ते जमतं कधी, तर ओलाफ ढाल डोक्यावर घेऊन योग्य ठिकाणी उभा असेल तेव्हा. एकाच्या कुंपणाची किल्ली दुसऱ्याकडे. लेव्हल बनवणारा खरं तर जागा मांडत नाही, या किल्ल्या कोणाकडे ठेवायच्या ते ठरवतो. ओलाफला एका विशिष्ट जागी उभं करणं ही त्याच्यापुरती अर्थहीन चाल असते. ती कशासाठी, हे एरिककडे बघितल्याशिवाय कळत नाही.

ही गोष्ट नेमक्या भाषेत मांडली ती रोनेन ब्राफमन आणि कार्मेल डोमश्लाक यांनी, २००८ मध्ये. त्यांचा पेपर गेमवर नाही, अनेक एजंटांच्या नियोजनावर आहे. प्रत्येकाच्या कृती दोन प्रकारच्या, असं ते धरतात. एरिक आपल्या भागात इकडून तिकडे चालतो, याने दुसऱ्या कुणाला फरक पडत नाही. ही खासगी कृती. तो पूल सोडतो, ही सार्वजनिक, कारण तिचा परिणाम दुसऱ्यावर होतो. निष्कर्ष थोडक्यात असा: मेहनत घातांकी वेगाने वाढते ती दोन गोष्टींमुळे. एक, प्रत्येकाला अशा सार्वजनिक कृती किती वेळा कराव्या लागतात. दोन, कोण कुणावर अवलंबून आहे याचं जाळं किती गुंतलेलं आहे. या दोन गोष्टी लहान राहिल्या, तर एजंटांची संख्या वाढली म्हणून आभाळ कोसळत नाही.

व्हायकिंगांकडे परत या. लेव्हलमध्ये एकूण १५० चाली असतील, पण तिघांची गाठ पडणाऱ्या चाली समजा चारच असतील, तर आधी त्या चारांचा क्रम शोधायचा आणि मधली धावपळ प्रत्येकाने आपापली भरायची. चांगले खेळाडू नेमकं हेच करतात, दाराकडून उलटं बघत "इथे ओलाफ हवाच, म्हणजे त्याच्या आधी..." अशी साखळी लावतात. चाराच्या जागी बारा गाठी झाल्या की लेव्हल तेवढीच मोठी राहूनही डोकं धरायची वेळ येते. तर मुलाखतीतल्या त्या प्रश्नाचं एक मोजता येणारं उत्तर हे: अवघडपणा डोक्यांच्या संख्येपेक्षा गाठींच्या संख्येत जास्त असतो.

सर्वसाधारण लेव्हलसाठी कितीही गाठी असू शकतात, म्हणून अशा कोड्यांना कायम झटपट चालणारा अल्गोरिदम मिळेल अशी आशा ठेवू नका. 'लेमिंग्ज' एनपी-हार्ड आहे हे ग्रॅहम कॉर्मोड यांनी २००४ मध्ये दाखवलं, आणि पुढे जोव्हानी व्हिग्लिएत्ता यांनी तो पीस्पेस-कम्प्लीट असल्याचं सिद्ध केलं. खोकी ढकलायचा 'सोकोबान' पीस्पेस-कम्प्लीट असल्याचं जोसेफ कल्बरसन यांनी १९९७ मध्येच दाखवलं होतं, आणि त्यात तर हलणारा माणूस एकच!

आतापर्यंत एक गोष्ट मी गृहीत धरली: तिघांना हलवणारं डोकं एक. व्हायकिंग्जच्या सेगावरच्या आवृत्तीत तिघं जण एकत्र खेळू शकतात. तेव्हा प्रश्न अवघड होतो का? सगळ्यांना एकच पडदा दिसतो आणि बोलायला बंदी नाही, म्हणून तत्त्वतः नाही. सोफ्यावरची भांडणं सोडली तर तीन डोकी एकाच डोक्यासारखी वागू शकतात.

पण प्रत्येकाला वेगळं दिसत असेल तर? २०१५ चा 'कीप टॉकिंग अँड नोबडी एक्सप्लोड्स' आठवा. एकाला बॉम्ब दिसतो, पण तो निकामी कसा करायचा ते ठाऊक नाही. बाकीच्यांकडे सूचनांचं पुस्तक आहे, पण बॉम्ब दिसत नाही. इथे क्षमतांचा फरक उडी आणि ढालीचा नाही, दिसण्याचा आहे. बोलायची मुभा आहे, पण बोलायला वेळ लागतो आणि घड्याळ चालू आहे. आता ही बोलण्याची मुभाही काढून घ्या. डॅनियल बर्नस्टीन, रॉबर्ट गिव्हन, नील इमरमन आणि श्लोमो झिल्बरस्टीन यांनी या प्रकारच्या प्रश्नाचा अभ्यास केला. सगळ्या स्थितींची यादी हातात आहे आणि सगळं स्पष्ट दिसतंय, तर एका नियंत्रकाचा प्रश्न पी वर्गात बसतो. एकच नियंत्रक, पण त्याला अर्धवट दिसतंय आणि पावलं मर्यादित आहेत, तर पीस्पेस. दोन नियंत्रक आणि प्रत्येकाला आपलं आपलं अर्धवट दिसतंय, तर पावलं मर्यादित असूनही प्रश्न एनएक्सपी-कम्प्लीट होतो. हा वर्ग पी पेक्षा खरोखर मोठा आहे, हे सिद्ध झालेलं आहे. पी विरुद्ध एनपीसारखा "बहुधा" इथे नाही. म्हणजे उडी नेमकी कुठे पडली? दुसरं डोकं आलं आणि पहिल्याला काय दिसतंय ते त्याला कळेनासं झालं, तिथे.

तरीही या सगळ्यात एक सोय आहे: दोघंही आधी बसून एकत्र योजना ठरवू शकतात. अनोळखी जोडीदाराबरोबर तेही नाही. 'ओव्हरकुक्ड' या स्वयंपाकाच्या सहकारी गेमची सोपी आवृत्ती करून मायका कॅरोल आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये हे तपासलं. (त्यांच्या आवृत्तीत दोघा आचाऱ्यांच्या क्षमता सारख्याच आहेत, हे नोंदवून ठेवा.) स्वतःच्याच प्रतीबरोबर सराव केलेला एजंट स्वतःबरोबर उत्तम खेळायचा, माणूस जोडीला आला की त्याची कामगिरी घसरायची. माणसांच्या खेळाच्या नोंदींवरून माणसाचं मॉडेल बनवून त्याच्याबरोबर सराव केलेला एजंट माणसांसोबत जास्त चांगला ठरला. वेगळ्या क्षमतांच्या पात्रांवर हाच प्रयोग केला तर? ओलाफ चालवणाऱ्याला एरिकच्या उडीचा अंदाज बांधावाच लागतो, त्यामुळे घसरण जास्त होईल असं मला वाटतं. पण हे वाटणं झालं, निकाल नव्हे. कुणाला एमएस्सीच्या प्रोजेक्टला विषय हवा असेल तर उचला.

सुरुवात छोटी करा. शाळा-कॉलेजच्या लॅबमध्ये एकाच कीबोर्डवर दोघांनी खेळायचा 'फायरबॉय अँड वॉटरगर्ल' बहुतेकांना आठवत असेल. मुलाला पाणी चालत नाही, मुलीला लाव्हा, हिरवा चिखल दोघांनाही नाही. त्यातली एक लेव्हल कागदावर काढा. मुलगा कुठे कुठे जाऊ शकतो ते एका रंगाने, मुलगी कुठे ते दुसऱ्या. मग प्रत्येक बटण आणि खटक्यापाशी लिहा की ते दाबल्याने कुणाचा रंग कुठपर्यंत पसरतो. स्वतःचाच रस्ता उघडणारी बटणं खोडून टाका. उरतील त्या गाठी, आणि किमान किती गाठींत लेव्हल सुटते तो आकडा कोपऱ्यात लिहा. दोन लेव्हल अशा शोधा ज्यांच्या जागा साधारण तेवढ्याच आहेत पण हा आकडा वेगळा आहे, आणि गेम न खेळलेल्या दोन मित्रांना घड्याळ लावून त्या सोडवायला द्या.